विश्लेषण : परक्याच्या गाडीवर पहिली रेष… ‘पिनस्ट्रायपिंग’ शिकणाऱ्याची खरी परीक्षा ब्रश टेकण्याआधीच का होते?

गाडीच्या रंगावर ब्रशने ओढलेली रेष जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. पण ब्रश धरणारा नवशिका आहे, गाडी दुसऱ्याची आहे आणि भोवती लोक उभे राहून पाहत आहेत, असे असेल तर तीच रेष ओढणे फार अवघड होऊन बसते. अमेरिकेत जुन्या आणि सजवलेल्या गाड्यांच्या प्रदर्शनांत हे दृश्य नेहमी दिसते. घरी पत्र्यावर आणि काचेवर महिनोन्‌महिने सराव केलेले हौशी रंगारी कधी ना कधी अशा मैदानात अनोळखी माणसाच्या गाडीसमोर स्टूल टाकून बसतात. ‘हात थरथरला तर?’ हीच त्यांची सगळ्यात मोठी भीती असते. गाडीला धोका मात्र थरथरत्या हातापासून फारसा नसतो. मग तो कशापासून असतो?

पिनस्ट्रायपिंग म्हणजे काय?

गाडी, मोटारसायकल किंवा सायकलच्या रंगावर ब्रशने ओढलेल्या बारीक, सलग रेषांच्या सजावटीला पिनस्ट्रायपिंग म्हणतात. तिचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार लांब सरळ रेषेचा. ती गाडीच्या अंगावरच्या उठावाला धरून पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत जाते. दुसरा प्रकार नक्षीचा. बोनेटच्या किंवा डिकीच्या मध्यावर एकमेकींत गुंतणाऱ्या वळणदार रेषा काढतात आणि डावी बाजू उजवीचे प्रतिबिंब वाटावी इतकी सारखी ठेवतात.

आपल्याकडे गाडीवर नाव किंवा पट्टा हवा असेल तर लोक सरळ रेडियमवाल्याकडे जातात. तिथे मशीनवर कापलेले स्टिकर मिळते आणि ते दहा मिनिटांत चिकटवून होते. स्टिकरची कड जागोजागी एकसारखी असते. हाताची रेष सुरुवातीला टोकदार असते, मध्ये किंचित भरते आणि शेवटी पुन्हा निमुळती होते. हा जिवंतपणा हवा असलेले मालकच रंगाऱ्याला शोधत येतात.

ही कला आली कुठून?

मोटारी येण्याआधी घोडागाड्यांच्या चाकांवर आणि कडांवर अशा रेषा काढल्या जात. सुरुवातीच्या मोटारींनी ही पद्धत तशीच उचलली. पुढे उत्पादनाचा वेग वाढला आणि हाताने रेषा ओढण्याचे काम कारखान्यांतून मागे पडत गेले.

तिला नवे रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात. तिथे तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्या घेऊन त्यांचे इंजिन आणि रूप बदलत होती. केनेथ हॉवर्ड (१९२९-१९९२) हा पाट्या रंगवणाऱ्याचा मुलगा. ‘व्हॉन डच’ या टोपणनावाने त्याने १९५० च्या दशकात बोनेटवरच्या वळणदार नक्षीचे वेडच लावले. गिऱ्हाइकाने त्याला किती वेळाचे काम हवे एवढेच सांगायचे, नक्षी काय असेल हे तोच ठरवणार, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. त्याच्या मृत्यूनंतर ‘व्हॉन डच’ हे नाव टोप्या आणि कपड्यांचा ब्रँड म्हणून जगभर पोहोचले. एड रॉथ (१९३२-२००१) आणि डीन जेफरीज (१९३३-२०१३) ही त्याच पिढीतली आणखी दोन मोठी नावे.

सगळ्यांसमोर रंगवण्याची प्रथा का?

गाड्यांची प्रदर्शने ही या कलेची पहिल्यापासूनची बाजारपेठ. कॅलिफोर्नियातले ‘ग्रँड नॅशनल रोडस्टर शो’ १९५० मध्ये सुरू झाले आणि आजही भरते. देशभर अशी लहानमोठी प्रदर्शने होतात. रंगारी तिथे टेबल मांडून बसतात. लोक हेल्मेट, जेवणाचा डबा, जुनी करवत, अगदी कमोडचे झाकणही रंगवायला आणून देतात. काही ठिकाणी रंगवलेल्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे मदतकार्याला दिले जातात. वादक जमून वाजवतात त्यावरून अशा बैठकीला ‘जॅम’ म्हणतात.

इथे मुरलेला रंगारी आणि नवशिका एकाच टेबलाशी बसतात. नवशिका आधी टेबलावरचे पत्रे रंगवतो. मागे उभा असलेला कुणीतरी थोडा वेळ पाहतो आणि विचारतो, ‘माझ्या गाडीवर काढणार का?’ पत्रा बिघडला तर दुसरा घेता येतो. गाडीचे तसे नाही. मालकाने तिच्यावर पैसे घातलेले असतात, बहुतेक वेळा कित्येक वर्षांचे शनिवार-रविवारही. बोनेट पुन्हा रंगवायचे झाले तर त्याचा खर्च नक्षीच्या मोबदल्याच्या कितीतरी पट होतो. नवशिक्याची जोखीम इथून सुरू होते.

यासाठी वेगळा ब्रश कशाला?

या कामाचा ब्रश पाहिल्यावर ‘एवढ्या लांब केसांनी बारीक रेष कशी निघेल?’ असा प्रश्न पडतो. दांडी बोटभर आणि केस जवळजवळ पाच सेंटिमीटर. केस सहसा खारीचे असतात आणि तलवारीच्या पात्यासारखे तिरके कापलेले असतात.

या लांबीचे फायदे दोन. केसांच्या पोटात भरपूर रंग मावतो, त्यामुळे ब्रश पुन्हा न बुडवता लांब रेष जाते. शिवाय लांब केस रेषेवर आडवे पडून हातामागून ओढले जातात. बोटांची बारीक थरथर टोकापर्यंत पोहोचेपर्यंत बरीचशी विरते. म्हणून ज्याचा हात दगडासारखा स्थिर नाही, त्यालाही हे काम जमू शकते.

ब्रश अंगठा आणि तर्जनीत धरतात. करंगळी पत्र्यावर टेकवून तिच्या आधाराने हात सरकवतात. जाडी दाबावर ठरते. वळण घेताना मनगट मुरडत नाहीत, दांडी दोन बोटांत फिरवतात. लांब रेषेला खांद्यापासून हात सरकतो, प्रसंगी माणूसच पावले टाकत मागे जातो.

रंग लागतो तो पाट्या रंगवणाऱ्यांचा तेलाचा इनॅमल. ‘वन शॉट’ हा अमेरिकेत १९४८ पासून चालत आलेला त्यातला सर्वांत परिचित ब्रँड. एकाच हातात खालचा रंग झाकला जावा हे या नावातूनच कळते. ब्रश रंगात बुडवल्यावर थेट गाडीवर नेत नाहीत. आधी गुळगुळीत कागदावर, बहुतेकदा जुन्या मासिकाच्या पानावर, तो दोन्ही बाजूंनी ओढून केस चपटे आणि एकजीव करतात. रंग फार घट्ट असेल तर रेष अडखळते, फार पातळ असेल तर ओघळते. तो बरोबर झाला आहे की नाही हे त्या कागदावरच कळते.

घरी जमलेले मैदानात का बिघडते?

घरचा सराव सावलीत, टेबलावर आडव्या ठेवलेल्या सपाट पत्र्यावर झालेला असतो. गाडी वाकडी, फुगीर आणि कुठे उभी तर कुठे तिरकी असते. डिकीवर काढताना कमरेतून वाकावे लागते आणि दारावर काढताना गुडघ्यावर बसावे लागते. हात टेकवायच्या जागा बदलतात, तशी ब्रशवरची पकडही बदलते.

दुसरी अडचण उन्हाची. उन्हात तापलेल्या पत्र्यावर इनॅमल लवकर आवळतो आणि ब्रश ओढ घेऊ लागतो. घरी बरोबर वाटलेला रंग इथे घट्ट लागतो. त्यात थेंब-थेंब टर्पेंटाइन घालत राहावे लागते. मुळात गाडी सावलीत घेऊन पत्रा निवू देणे हा त्याहून सोपा उपाय आहे.

तिसरी अडचण चकाकीची. काळ्या, पॉलिश केलेल्या बोनेटमध्ये आभाळ, मंडपाचे कापड आणि पाहणाऱ्यांचे चेहरे दिसत राहतात. नजर रेषेवरून प्रतिबिंबावर घसरते.

चौथी अडचण माणसांची. कुणी विचारतो, ‘टेप न लावताच?’ कुणाचे मूल गाडीला टेकते. कुणी आपल्या ओळखीच्या रंगाऱ्याच्या गोष्टी सांगू लागते. ब्रश पत्र्यावर असताना उत्तर द्यायचे नाही आणि रेष संपल्यावर ब्रश उचलूनच बोलायचे, ही सवय नवशिक्याला आधी लावून घ्यावी लागते. पाहणाऱ्यांना त्याचे वाईट वाटत नाही.

चुकलेली रेष पुसता येते का?

येते. गर्दीतल्या बहुतेकांना हे माहीत नसते. नवशिक्यालाही हे ठाऊक असते, पण ऐन वेळी तो विसरतो. तेलाचा इनॅमल स्पर्शाला सुकायलाच काही तास लागतात आणि पूर्ण पक्का व्हायला काही दिवस. तोवर खालचा रंग धड असेल, तर मिनरल स्पिरिटने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने रेष साफ निघते. रेषेचा फक्त कोपरा चुकला असेल, तर कापड नखावर ताणून तेवढाच टिपता येतो.

दर वेळी कापडाची कोरी घडी वापरायची, एवढे मात्र पाळावे लागते. तीच घडी पुन्हा फिरवली तर रंग निघण्याऐवजी पसरतो. घाईही उपयोगाची नाही. शेजारची चांगली रेष पुसली जाण्याचे प्रकार बहुधा घाईतच होतात.

म्हणजे नवशिका ज्याला सर्वाधिक घाबरतो ती चूक दुरुस्त व्हायला अर्धे मिनिट पुरते. हात थरथरला, पुसले, पुन्हा काढले. जुने रंगारीही सगळ्यांसमोर पुसतात आणि त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही.

मग न पुसता येणारी चूक कोणती?

ती ब्रश हातात येण्याआधी होते. तिचे प्रकार असे :

ताजा रंग : गाडी नुकतीच रंगवून आलेली असेल तर तो रंग आतून कच्चा असू शकतो. त्यावर मिनरल स्पिरिटचे कापड घासले तर चकाकी जाण्याची किंवा डाग पडण्याची भीती असते. अशा वेळी ‘पुसता येईल’ हा भरवसाच उरत नाही.

जुना एकपदरी रंग : जुन्या गाड्यांच्या रंगावर बरेचदा पारदर्शक क्लिअर कोट नसतो. हे ओळखायची सोपी खूण आहे. कोपऱ्यात कापडाला थोडे पॉलिश लावून हलकेच घासायचे. कापडावर गाडीचा रंग उतरला तर तो एकपदरी आहे. तिथे जोरात घासले तर ठिगळ दिसते.

सुटू लागलेला क्लिअर कोट : वर्षानुवर्षे उन्हात राहिलेल्या बोनेटवर आणि टपावर हा थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. त्यावर खुणेसाठी टेप लावली तर ती उचलताना पापुद्राही हातात येतो.

धूळ : मैदानातल्या गाडीवर बारीक माती असतेच. ती न धुता कापडाने पुसली तर तीच माती पॉलिश पेपरचे काम करते आणि ओरखडे उमटतात. ते रंगाऱ्याच्या नावावर जमा होतात.

मेण आणि सिलिकॉन : प्रदर्शनातली गाडी आदल्या रात्री पॉलिश केलेली असतेच. त्या चिकटपणावर इनॅमल बसत नाही. रेष आक्रसते आणि तिच्यात माशाच्या डोळ्यासारखे गोल ठिपके उघडे पडतात. त्यासाठी मेण काढणारे द्रावण आणि स्वच्छ कापड लागते.

चुकीचे द्रावण : आपल्याकडे सरसकट ‘थिनर’ म्हणून मिळणारा लॅकर थिनर गाडीवर लावायचा नाही. तो कित्येक जुन्या किंवा कच्च्या रंगांना खातो. टेबलावर दोन बाटल्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि गडबडीत भलतीच उचलली, असे व्हायला वेळ लागत नाही. म्हणून ती बाटली पेटीतच ठेवलेली बरी.

या सहाही गोष्टींत हाताच्या स्थिरतेचा संबंध नाही. त्या पाहून, विचारून आणि कोपऱ्यात तपासून कळतात.

मालकाशी काय बोलणे व्हायला हवे?

नवशिक्याने सर्वांत आधी हे आपले परक्या गाडीवरचे पहिलेच काम आहे, असे सांगून टाकायचे. बरेच मालक तरीही ‘काढा’ म्हणतात. काही जण नको म्हणतात आणि तेही बरोबरच असते. ही माहिती लपवून मिळवलेली परवानगी खरी परवानगी नव्हे.

त्यानंतरचे प्रश्न साधे आहेत. गाडी कधी रंगवली होती? कोणता भाग पुन्हा रंगवला आहे? आज पॉलिश केले आहे का? नक्षी कुठे हवी, केवढी, कोणत्या रंगात? आवडली नाही तर आज लगेच पुसून द्यायची, हेही आधीच ठरवायचे. मग चरबट पेन्सिलीने गाडीवर मध्यरेषा आणि नक्षीची उंची दाखवून मालकाचा होकार घ्यायचा. ही पेन्सिल कापडाने पुसली जाते. व्हॉन डचसारखे ‘काय काढायचे ते मी ठरवीन’ म्हणण्याचा अधिकार त्याने शेकडो गाड्यांवर काम करून मिळवला होता.

काम झाल्यावर मालकाला आणखी काही सूचना द्यायच्या असतात. आज त्याला हात लावू नका, काही दिवस गाडी धुताना तिथे घासू नका, मेण-पॉलिश इतक्यात लावू नका.

पहिल्यांदा काय काढावे?

पूर्ण बाजूभर जाणारी सरळ रेष साधी वाटते, पण नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. शेजारी गाडीचा घडीव उठाव असतो आणि डोळा त्या दोहोंमधले अंतर मोजत राहतो. अंतर केसभर बदलले तरी लांबून दिसते. दोन समांतर रेषा काढल्या तर आणखीच.

रोल्स-रॉइसच्या इंग्लंडमधल्या गुडवुड कारखान्यात बाजूची अशी रेष आजही हाताने ओढली जाते. मार्क कोर्ट हा त्यासाठी ओळखला जाणारा कारागीर पूर्वी पबच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या एका रेषेमागे पाट्यांवर घालवलेली वर्षे आहेत.

त्यापेक्षा डिकीच्या मध्यावर तळहाताएवढी नक्षी बरी. मध्यरेषेवर डावीकडे एक वळण काढायचे आणि लगेच उजवीकडे त्याचे जोडीदार. पूर्ण डावी बाजू संपवून उजवीकडे वळायचे नाही, कारण तोवर हाताची लय बदललेली असते. रांगोळी काढणाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. तिथेही समोरासमोरच्या पाकळ्या जोडीने घेतल्या की तोल सांभाळला जातो. उजव्या हाताने काम करणाऱ्याला सहसा दोनपैकी एक बाजू जड जाते. म्हणून अवघड बाजू आधी काढून सोपी तिच्याशी जुळवावी.

पहिली रेष ओढताना नेमके काय घडते?

नवशिका बहुधा फार सावकाश सुरू करतो. जपून काढावे हा त्याचा हेतू असतो, पण परिणाम उलटा होतो. सायकल अगदी हळू चालवली की डगमगते, तशी रेषही हळू ओढली की नागमोडी होते. ठरावीक, सलग वेगात ती आपोआप सरळ होते.

दुसरी सवय ब्रशच्या टोकाकडे पाहण्याची. रेष जिथे न्यायची आहे तिथे नजर ठेवली की हात मागोमाग जातो. श्वास हळूच सोडत रेष ओढणे अनेकांना सोयीचे पडते. श्वास कोंडून धरला की खांदे आखडतात.

पहिले दोन-तीन फटके पुसले जाण्याचीच शक्यता जास्त. चौथा-पाचवा राहतो. मग गर्दीचा आवाज मागे पडतो आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना वळणे जमू लागतात. याच टप्प्यावर ‘आणखी एक रेष’ घालण्याचा मोह होतो. होकार घेतलेली नक्षी पूर्ण झाली की थांबणे हेही या कामातले कौशल्य आहे. गाडीपासून दहा पावले मागे जाऊन पाहिले की जवळून खुपणारी बरीच वाकणी दिसत नाहीत. जी तिथूनही दिसतात तेवढीच दुरुस्त करायची.

काही वेळा सगळेच पुसावे लागते. पत्रा फार तापलेला असतो, रंग ऐकत नाही किंवा मालकाच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते. अशा वेळी गाडी आली तशी स्वच्छ करून परत देणे हे अपयश नव्हे. तयारी नीट झाली होती म्हणूनच ते शक्य होते.

आपल्याकडे ही कला दिसते का?

दिसते, आणि अगदी रस्त्यावर. रॉयल एनफिल्डच्या बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा चेन्नईत हाताने ओढल्या जात आल्या आहेत. एकाच कुटुंबातल्या भावांचे हे काम देशभर नावाजले गेले. टाकी हातात घेऊन ब्रशच्या एका दमात तिची कड गाठणारे त्यांचे हात पाहिले की सरावाचा अर्थ कळतो. ट्रकच्या फळ्यांवर मोर, कमळे आणि अक्षरे काढणारे पेंटर याच जातकुळीतले. डिजिटल फलक आणि रेडियमने त्यांचे बरेच काम नेले, तरी हात अजून आहेत.

आपल्याकडच्या कुणा हौशीला ही रेष शिकायची असेल तर भंगारातून आणलेले जुने बोनेट हा उत्तम फळा आहे. त्यावर वाकडेपणा, उभार आणि चकाकी हे सगळेच मिळते. मित्राच्या गाडीकडे वळण्याआधी त्याच बोनेटवर धुणे, मेण काढणे, कोपऱ्यात तपासणे आणि पुसणे यांचाही तितकाच सराव करायला हवा. रेष शंभर वेळा पुसून शंभर वेळा काढता येते, पण खालचा रंग मालकाचा असतो आणि तो एकदाच मिळालेला असतो.